अंगणातली मोनोरेल : आधी गर्डर, मग गाडी

ऐरोलीत आमच्या रो-हाउसच्या मागे २० बाय ८ फुटांचं परस आहे. एका कोपऱ्यात कढीपत्ता, भिंतीलगत तगर आणि कुंड्यांतली सदाफुली. या सगळ्यातून जमिनीपासून दोन फूट उंचीवर १३ मीटर लांबीचा गर्डर फिरतो आणि त्यावरून दोन डब्यांची मोनोरेल धावते. एका फेरीला ३८ सेकंद लागतात. बघायला येणारे दोनच प्रश्न विचारतात : ही पडत कशी नाही, आणि आम्हाला जमेल का? पहिल्याचं उत्तर पुढे येईलच. दुसऱ्याचं उत्तर, नक्की जमेल. ड्रिल मशीन, करवत, कानस आणि सोल्डरिंग वापरता येत असेल तर बाकीचं हाताला करता करता येतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनावर घ्या. नवीन माणूस आधी गाडी करतो. मीही केली. खिडक्या, दारं, आतल्या खुर्च्या, रंग, सगळं झाल्यावर गर्डर करायला घेतला आणि तो डबा तीन फूटसुद्धा नीट गेला नाही. साध्या आगगाडीत रूळ तयार मिळतात आणि चाकाला कडा असते, त्यामुळे थोडं वाकडंतिकडं खपून जातं. मोनोरेलचा गर्डर हाच रूळ, हाच तोल आणि हीच दिशा. तो सरळ असेल तर खोक्याला चाकं लावली तरी धावतात. म्हणून या लेखात गाडी उशिरा येते.

कोणती मोनोरेल करायची

प्रकार बरेच आहेत. जर्मनीतल्या वुपरटालची गाडी १९०१पासून वरच्या रुळाला लटकून धावते. आपल्याकडे पतियाळा संस्थानात १९०७ साली वाफेच्या इंजिनाची मोनोरेल सुरू झाली होती. तिचा बहुतेक भार एका रुळावर आणि तोल सांभाळायला बाजूने रस्त्यावर चालणारं एक मोठं चाक. ती १९२७मध्ये बंद पडली, पण इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे. या दोन्हींची मॉडेलं देखणी होतात, पण पहिल्या खेपेला मी सुचवणार नाही. लटकणाऱ्या गाडीला कमानीसारखे खांब लागतात आणि पतियाळाच्या गाडीला शेजारी गुळगुळीत रस्ता.

आपण करायची ती गर्डरवर मांड ठोकून बसणारी, चेंबूर-वडाळ्यासारखी. मुंबईची मोनो फेब्रुवारी २०१४मध्ये चेंबूर ते वडाळा अशी सुरू झाली आणि मार्च २०१९मध्ये सात रस्त्यापर्यंत गेली. सप्टेंबर २०२५मध्ये सुधारणांसाठी तिची सेवा थांबवण्यात आली, पण आपल्याला गाडीपेक्षा गर्डर बघायचा आहे आणि तो खालच्या रस्त्यावरून छान दिसतो. एकदा चेंबूरला जाऊन अर्धा तास फक्त वर बघत चाला. दोन गर्डर कुठे जुळतात, सांध्यात फट किती, वळणावर खांब किती जवळ येतात, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं.

या जातीच्या गाडीला तीन प्रकारची चाकं असतात. गर्डरच्या माथ्यावरून भार वाहणारी, दोन्ही कुशींना वरच्या बाजूला लागून दिशा देणारी, आणि त्याखाली तोल धरणारी. पडत का नाही, तर या खालच्या चाकांमुळे आणि खाली ठेवलेल्या वजनामुळे. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे सारखी भरलेली गोणी टाकली की ती हलत नाही, तसंच हे.

मापं

बागेतल्या रेल्वेला १:२२.५ हे प्रमाण सोयीचं. खऱ्या गर्डरची रुंदी साधारण ८० ते ८५ सें.मी. असते, म्हणजे आपल्याकडे ३६ ते ३८ मि.मी. आणि आपलं नशीब असं, की ऑफिसची पार्टिशनं करायला जो अॅल्युमिनियमचा पाइप वापरतात, अडीच बाय दीड इंची, तो उभा धरला की ६३ मि.मी. उंच आणि ३८ मि.मी. रुंद असतो. गर्डर आयताच मिळाला. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला आणि नवी मुंबईत तुर्भ्याकडे अॅल्युमिनियम सेक्शनची दुकानं आहेत. माल किलोवर मिळतो. १२ फुटी दोन नग घ्या. घेताना एक डोळा मिटून पाइपाच्या टोकाकडून आरपार बघा. जरा जरी वाकलेला असला तरी बाजूला ठेवायला सांगा, दुकानदार दुसरा देतो.

आखणी लंबवर्तुळाकार : दोन बाजूंना १२ फुटी सरळ पाइप आणि दोन टोकांना ९०० मि.मी. त्रिज्येची अर्धवर्तुळं. साडेअठरा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद जागा लागते. एवढी नसेल तर एकच सरळ पाइप उभारून शटल करा, म्हणजे त्याच्यावर मागे-पुढे धावणारी गाडी. सांधा बदलायची सोय पहिल्या आराखड्यात आणू नका. आगगाडीत दोन पात्या सरकवल्या की काम होतं, इथे अख्खा गर्डर सरकवावा लागतो.

वळण

सरळ पाइप वाकवायचा प्रयत्न करू नका, आतली बाजू चुरगळते. वळण १८ मि.मी. जाडीच्या डब्ल्यूपीसी बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या बोर्डाचं करा. फर्निचरवाले पाण्याच्या जागी वापरतात तोच बोर्ड, पावसात फुगत नाही. प्लायवूड 'मरीन' म्हणून घेतलं तरी कापलेल्या कडेतून दोन पावसाळ्यांत पाणी शिरतं.

बाहेरची त्रिज्या ९१९, आतली ८८१ मि.मी. अशा ४५ अंशांच्या चकत्या कापायच्या. दोन अर्धवर्तुळं, तीन थर, म्हणजे २४ चकत्या. त्या एकात एक बसवून आखल्या तर ४ बाय ४ फुटांच्या तुकड्यात निघतात. जिगसॉने हाताने कापल्यात तर कड लाटेसारखी येते आणि तीच लाट नंतर गाडीत दिसते. राउटरला, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनला, लाकडी पट्टी जोडून दुसऱ्या टोकाला खिळा ठोका आणि कंपाससारखा फिरवा. नाहीतर रबाळे एमआयडीसीच्या भागात कॉम्प्युटरवर कटिंग करून देणाऱ्यांकडे आराखडा घेऊन जा. या एका कामाला पैसे मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

थर एकावर एक चिकटवताना सांधे विटांसारखे चुकवायचे, वरच्या चकतीचा मध्य खालच्या सांध्यावर आला पाहिजे. नळकामाचं सॉल्व्हंट सिमेंट चालतं, आधी कचऱ्यातल्या दोन तुकड्यांवर करून बघा. ते पटकन ओढतं, म्हणून एका वेळी एकच चकती. वाळल्यावर खालून स्टेनलेस स्टीलचे ५० मि.मी. स्क्रू मारायचे. ऐरोलीत खाडीची हवा थेट येते. साधे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात तांबडे होतात आणि त्यांचे ओघळ गर्डरवर उतरतात.

तीन थरांची उंची ५४ मि.मी. भरते, पाइपापेक्षा साडेनऊ कमी. ती खालून कमी पडू द्या. माथा एका पातळीत आला की झालं, खालची उणीव खांबावर पॅकिंग देऊन भरून काढता येते.

खांब

खांब १८ लागतात. चार सांध्यांखाली चार, प्रत्येक सरळ पाइपाच्या मध्ये चार-चार फुटांवर दोन आणि प्रत्येक वळणाखाली दीड-दीड फुटावर पाच. बोर्ड उन्हात नरम पडून झोळ देतो, म्हणून वळणावर जवळजवळ.

दोन इंची पीव्हीसी पाइपाचे तीन फुटी तुकडे करा, एक फूट जमिनीत. आमच्याकडची जमीन भरावाची आहे, नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी असते. ती पावसाळ्यात बसते. म्हणून खड्डा दीड फूट खोल घ्या, तळाला सहा इंच बारीक खडी घालून धुमसाने चांगली चोपा आणि मग पाइप उभा करा. पाइपात काँक्रीट भरताना वरच्या टोकाला ८ मि.मी. जाडीचा आट्यांचा रॉड चार इंच बाहेर ठेवून रुतवायचा. ओळंबा लावून बघा आणि दोन दिवस हात लावू नका.

या रॉडमुळे पुढचा सगळा त्रास वाचतो. रॉडवर एक नट, त्यावर अॅल्युमिनियमची ३५ मि.मी. रुंद पट्टी, वरून दुसरा नट. नट फिरवला की गर्डर वर-खाली होतो. वरच्या नटाला आणि रॉडच्या टोकाला जागा मिळावी म्हणून गर्डरला तळातून खाच घ्या, बोर्डाला ड्रिलने आणि पाइपाला तळाच्या पत्र्यात भोक पाडून. जमीन पुन्हा बसली तर पाना घेऊन दहा मिनिटांत पातळी परत आणता येते.

पातळीसाठी गवंड्याची पारदर्शक नळी वापरा. छोटी स्पिरिट लेव्हल जवळच्या दोन खांबांपुरती ठीक, पण १३ मीटर फिरून आल्यावर तिची बारीक चूक साठत जाते. नळीतलं पाणी खोटं बोलत नाही, फक्त आत बुडबुडा राहिला नाही ना ते बघा. एक खांब प्रमाण माना आणि बाकी सतरा त्याच्याशी जुळवा.

गच्चीवर करणार असाल तर आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि स्लॅबला भोक पाडू नका. त्याच खांबांचे बुंधे सिमेंट भरलेल्या कुंड्यांत उभे करा.

सांधे

आता सगळ्यात नाजूक काम. ३.६६ मीटरचा अॅल्युमिनियम पाइप पहाटेच्या गारव्यापासून एप्रिलच्या उन्हात ३० अंशांनी तापला तर जवळजवळ अडीच मि.मी. वाढतो. जागा सोडली नाही तर तो बाजूला पोट काढतो. पाइप मधल्या एका खांबावर पक्का करा. दोन्ही टोकांना पट्टीत लांबट भोक ठेवा आणि ३ मि.मी. फट सोडा. एवढ्या फटीवरून ६५ मि.मी. व्यासाचं चाक जाताना केसभरही खाली जात नाही. गाडीला फट बाधत नाही, पायरी बाधते. एका बाजूचा माथा अर्धा मि.मी. वर असला तरी डबा उडी मारतो. सांध्यावरून नख फिरवा. नखाला जी पायरी लागते ती चाकाला लागतेच. नट फिरवून, पातळ वॉशर घालून आणि शेवटी कानस मारून ती घालवा. कुशीलाही तसंच : सरळ पट्टी दोन्हीकडे चिकटवून क्लॅम्प लावा, मग खालचे स्क्रू आवळा.

बोगी आणि एक किरकोळ गणित

बोगी म्हणजे चाकांचा संच. प्रत्येक डब्याला दोन, त्यामुळे दोन डब्यांना चार. माथ्यावरचं चाक म्हणून बीओ मोटरसोबत (बॅटरीवर चालणारी, गिअर बसवलेली छोटी मोटर) मिळणारं पिवळं, रबरी टायरचं चाक उत्तम, व्यास ६५ मि.मी. आणि रुंदी २७, म्हणजे ३८च्या गर्डरवर ऐसपैस बसतं. कुशीच्या चाकांना ६२४ नंबरचं बेअरिंग आडवं लावा : भोक ४ मि.मी., बाहेरचा व्यास १३, जाडी ५. रबरी सीलचं मागा, पत्र्याच्या झाकणाचं खाऱ्या हवेत लवकर अडकतं.

बोगीची चौकट ३ मि.मी. अॅल्युमिनियमची, गर्डरवर उलट्या 'यू'सारखी बसणारी. दिशा देणारी चार बेअरिंगं, पुढे एक जोडी आणि ८० मि.मी. मागे दुसरी, माथ्यापासून १२ मि.मी. खाली. तोलाची एक जोडी दोन्हींच्या बरोबर मध्ये, माथ्यापासून ४० मि.मी. खाली.

माझी गाडी इथेच अडकली होती. सगळी बेअरिंगं गर्डरला नीट टेकवून बसवली, सरळ पाइपावर लोण्यासारखी चालली आणि वळणावर जाऊन घट्ट बसली. दोन रविवार मी गर्डर घासत बसलो. चूक गर्डरची नव्हती. पुढची-मागची जोडी वळणावर दोन ठिकाणी गर्डर धरते, पण त्या दोन ठिकाणांच्या मध्ये गर्डर किंचित बाहेर पोट काढतो. किती, ते काढायला सोपं सूत्र आहे : जोड्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ८० गुणिले ८० म्हणजे ६४००, भागिले ७२००, उत्तर ०.९ मि.मी. मधल्या बेअरिंगांना तेवढी जागा नव्हती. आता दिशेच्या बेअरिंगांना प्रत्येक बाजूला अर्धा मि.मी. आणि मधल्या तोलाच्या जोडीला एक-एक मि.मी. मोकळीक ठेवतो. त्रिज्या कमी करणार असाल तर हे गणित आधी मांडा. ६०० मि.मी. त्रिज्येला हेच उत्तर १.३ येतं.

बेअरिंगच्या बोल्टाची भोकं चौकटीत थोडी लांबट ठेवा म्हणजे मोकळीक नंतर बदलता येते. बोगी डब्याला एकाच ६ मि.मी. बोल्टने जोडायची, मध्ये मोठा वॉशर, आणि लॉकनट असा की बोगी फिरेल पण हिंदकळणार नाही. वळणावर ती सहा-साडेसहा अंशच फिरते.

मोटर लावण्याआधी हाताची चाचणी. फळीला दोन बोग्या लावा, फळीवर स्टीलचा पेला काठोकाठ पाणी भरून ठेवा आणि गर्डरवरून एका बोटाने ढकलत न्या. पाणी जिथे हिंदकळेल तिथे खडूची खूण करा. पुन्हा नट, वॉशर, कानस. माझ्या गर्डरवर पहिल्या फेरीत अकरा खुणा झाल्या होत्या. शेवटची खूण पुसली जाईपर्यंत पुढे जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

वीज

गर्डरच्या कुशीला तांब्याची पट्टी लावून तिथून वीज घ्यायची कल्पना आकर्षक वाटते, खरी मोनो तशीच वीज घेते. पण १९ ऑगस्ट २०२५च्या मुसळधार पावसात मुंबईची मोनो प्रवाशांसह अधांतरी अडकली, तेव्हा एमएमआरडीएने सांगितलेलं कारण आठवा : गर्दीमुळे वजन मर्यादेपेक्षा वाढलं आणि वीजपट्टी व गाडीतला कलेक्टर यांचा स्पर्श तुटला. त्या आकाराच्या यंत्रात जे होतं ते आपल्या चार मि.मी.च्या स्प्रिंगमध्ये रोज होईल. त्यात पट्टीवर खाडीच्या हवेने हिरवा थर चढतो. बॅटरी गाडीतच ठेवा.

पेन्सिल सेलच्या आकाराचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल सहा, मिळून ७.२ व्होल्ट. डब्याच्या दोन्ही बाजू गर्डरच्या कुशीला झालरीसारख्या खाली उतरतात; तीन सेल डावीकडच्या झालरीत, तीन उजवीकडच्या, गर्डरच्या माथ्याखाली. हीच ती गोणी. लिथियम सेल हलके आणि जोरकस असतात, पण त्यांना संरक्षणाचं सर्किट आणि चार्जिंगची शिस्त लागते. पहिल्या गाडीला नकोत.

मोटर मिनिटाला १०० फेरे घेणारी बीओ, पुढच्या डब्यात दोन. चाकाचा परीघ २०४ मि.मी., म्हणजे सेकंदाला ३४ सें.मी. प्रमाणात मोजलं तर ताशी साडेसत्तावीस किलोमीटर, बघायला अगदी खरी वाटते. एवढ्या वेगाला वळणावर गर्डर कलता ठेवायची गरज नाही. एक मोटर चाकाच्या डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवा, नाहीतर डबा एका अंगाला झुकतो. त्यामुळे एका मोटरच्या तारा उलट जोडाव्या लागतील, नाहीतर दोन चाकं एकमेकांशी भांडत बसतील.

फेरी मारणाऱ्या गाडीला बाकी एक स्विच आणि वेग कमी-जास्त करणारं छोटं पीडब्ल्यूएम मॉड्यूल पुरतं. मॉड्यूल ६ व्होल्टवर चालतं ना, ते बघून घ्या. मोटर ६ व्होल्टचीच आहे, तेव्हा बटण पूर्ण फिरवू नका.

शटल करणार असाल तर दिशा आपोआप बदलायला आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, दोन्ही टोकांना गर्डरच्या आत चिकटवलेली लोहचुंबकं आणि डब्याखाली रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा स्विच. अॅल्युमिनियम चुंबकाला अडवत नाही. इथे एक सापळा आहे : दुकानात मोटर ड्रायव्हर (नॅनोच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारं सर्किट) मागितला की एल२९८एन हातात देतात. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. त्याऐवजी टीबी६६१२ किंवा डीआरव्ही८८३३ मागा, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांत '१०४' छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, नाहीतर मोटरच्या ठिणग्यांनी नॅनो मध्येच पहिल्यापासून सुरू होतो.

डबा

आता हवा तेवढा वेळ घ्या. ३ मि.मी. पीव्हीसी फोम शीट कटरने कापली जाते आणि पाण्याला दाद देत नाही. प्रमाणात डबा बराच लांब येईल, पण आपल्या वळणाला ३०० मि.मी. लांब आणि ११० रुंद डबा शोभतो. बोग्या २०० मि.मी. अंतरावर. झालर माथ्यापासून ५५ मि.मी. खाली येऊ द्या, त्याखाली खांबाची पट्टी असते. चाक डब्याच्या आत डोकावतं, तिथे मधोमध खोकं करून त्यावर पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्या दाखवा. डबा सगळं धरून ८०० ग्रॅमच्या आत ठेवा. बीओ मोटरचा दांडा प्लॅस्टिकचा असतो. रंग मुंबईच्या मोनोचे घ्या, गुलाबी, हिरवा किंवा निळा. झाडांच्या हिरव्यात गुलाबी फार खुलतो, आमची गुलाबीच आहे.

दोन डब्यांमधली जोडणी ताठ नको. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन स्क्रूंनी लावली की पुरे, वर काळ्या कापडाची घडी.

पावसाळा

जूनच्या पहिल्या सरीआधी गाडी घरात. सेल काढून ठेवा, बेअरिंगांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब द्या. गर्डर बाहेरच राहतो, फक्त पाइपांची टोकं सिलिकॉनने बुजवा, नाहीतर आत मुंग्या आणि कुंभारमाशी घर करतात. जुलैत माथ्यावर शेवाळं धरतं आणि गोगलगाई त्याच वाटेने हिंडतात. ओल्या फडक्याने पुसलं की जातं, तारेचा घासणा नको.

नवरात्रात ऊन पडलं की पाण्याची नळी काढा आणि अठराही खांब पुन्हा तपासा. पहिल्या वर्षी माझे पाच खांब बसले होते, त्यातला एक तब्बल ६ मि.मी. पुढच्या वर्षी दोनच. खंडेनवमीला पाना, कानस आणि गाडी एकाच पाटावर मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी पेला घेऊन पहिली फेरी बोटानेच.